मी जड आहे का?

भाचीचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाची गोष्ट. नऊ वर्षांची पोर, उजवा पाय मांडीपर्यंत पांढऱ्या कवचात, आणि सहा आठवडे बसून काढायचे. पहिले चार दिवस कौतुकात गेले. प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या, कुणी फुलं काढली, कुणी मांजर. पाचव्या दिवशी दुपारी तिने भिंतीकडे तोंड केलं आणि बोलेनाशी झाली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

तिला उचलायचं काम तिच्या आईबाबांचं, असं घरात ठरलेलं होतं, कारण माझी पाठ दोन वर्षांपासून दुखरी. पण त्या दुपारी आम्ही दोघीच होतो, आणि तिला त्या भिंतीपासून लांब न्यायलाच हवं असं मला वाटलं. एक हात पाठीखाली घातला, एक प्लास्टरखाली, श्वास रोखला आणि उचललं. पलंगापासून सोफा सहा पावलांवर. चौथ्या पावलाला तिने माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "मावशी, मी जड आहे का गं?"

"छे," मी म्हटलं. "कापूस."

चित्रपट मी निवडला. 'द प्रिन्सेस ब्राइड', १९८७ सालचा. तलवारी आहेत, समुद्री चाचे आहेत, उभे कडे आहेत, राक्षसाएवढा माणूस आहे, दुष्ट राजपुत्र आहे, चमत्कार विकणारा म्हातारा आहे, आणि इतकं सगळं असूनही कुठे जीव गुदमरत नाही. मी तो इतक्यांदा पाहिला आहे की पुढचं वाक्य पात्राच्या आधी मला ऐकू येतं. अडचण एकच. त्यातलं भरभर, शब्दांशी खेळणारं इंग्रजी तिला झेपणारं नव्हतं. खालच्या ओळी वाचत बसावं तर चित्र निसटतं. म्हणून रिमोट हातात घेतला आणि ठरवलं, मीच सांगत जाईन. थांबवायचं, सांगायचं, पुन्हा सोडायचं.

अशा पाहण्याला हा चित्रपट किती साजेसा आहे ते पहिल्या दोन मिनिटांतच जाणवलं. त्याची सुरुवातच तशी आहे. एक मुलगा आजारी, अंथरुणात, व्हिडिओ गेम खेळत पडलेला. आजोबा येतात, भेट म्हणून पुस्तक आणतात. मुलाचं तोंड उतरतं. आजोबा खुर्चीत बसून वाचायला लागतात, आणि आपण पाहतो ते त्यांचं वाचन. आजोबांचं काम पीटर फॉकने केलंय, नातवाचं फ्रेड सॅव्हेजने.

"याला काय झालंय?" भाचीने विचारलं.

"ताप आलाय."

"नुसता ताप?"

त्या मुलाबद्दल तिला फारशी दया आली नाही. पण मघाशी भिंतीकडे वळलेलं तोंड आता पडद्याकडे होतं.

आटपाट नगर होतं, त्याचं नाव फ्लोरिन. तिथे बटरकप नावाची मुलगी, आणि तिच्या शेतावर राबणारा वेस्ली. ती कामं सांगायची आणि तो दर वेळी तेच तीन शब्द म्हणायचा, 'अॅज यू विश'. एके दिवशी तिच्या ध्यानात आलं, की हा जे म्हणतो त्याचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असा होतो. आता हे मराठीत कसं आणायचं? माझ्या तोंडून आधी 'जशी आपली आज्ञा' निघालं. ते ऐतिहासिक नाटकातल्या सेवकाचं झालं. 'जशी तुझी मर्जी' म्हणावं तर त्यात रुसवा येतो. मराठीत हे वाक्य मन दुखावलेला माणूस म्हणतो. मी पडदा थांबवून विचार करत राहिले, तेव्हा भाची म्हणाली, "तू म्हणशील तसं." तिने ते वेस्लीसाठी सुचवलं, की मला 'ठरव काय ते लवकर' म्हणून सांगितलं, कोण जाणे. पण चपखल बसलं. तीनच शब्द, रोजच्या बोलण्यातले, ज्यांच्याआड काहीही लपवता येईल असे. त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत वेस्ली मराठीत तेच म्हणत राहिला.

विझिनीची तऱ्हा वेगळी. स्वतःला जगातला सर्वांत हुशार समजणारा हा बुटका, टकला माणूस. त्याचे बेत एकेक करून फसत जातात आणि दर वेळी तो एकच शब्द किंचाळतो. मी 'अशक्य!' म्हणून पाहिलं, 'कदापि नाही!' म्हणून पाहिलं, शेवटी 'शक्यच नाही!' वर आम्हा दोघींचं एकमत झालं. तिसऱ्यांदा ते मी म्हणायच्या आत तीच ओरडली. पाच दिवसांत पहिल्यांदा तो आवाज घरात ऐकू आला.

ही कथा लिहिणारे विल्यम गोल्डमन. त्यांना दोन मुली. तुमच्यासाठी गोष्ट लिहितो, कशावर लिहू, असं त्यांनी विचारलं तर एक म्हणाली राजकन्या, दुसरी म्हणाली नवरी. दोघींचंही ऐकलं आणि नाव तयार झालं. कादंबरी १९७३ ची. तिच्यात गोल्डमननी एक लबाडी केली आहे, जी मला अतोनात आवडते. हे पुस्तक माझं नाहीच, असं ते सांगतात. मॉर्गनस्टर्न नावाच्या जुन्या लेखकाचा हा ग्रंथ. लहानपणी मी आजारी पडलो तेव्हा वडिलांनी तो वाचून दाखवला. मोठेपणी मूळ प्रत मिळवली तर पानंच्या पानं रटाळ निघाली. मग उमगलं, की वडील वाचता वाचता तेवढं सगळं गाळत होते. मॉर्गनस्टर्न खोटा, फ्लोरिन खोटं, ग्रंथही खोटा. पण मुलाच्या उशाशी बसून डोळ्यांनी कंटाळा वाचत तोंडाने फक्त आनंद सांगणारा तो बाप मला खोटा वाटत नाही. मुलाला गोष्ट हलकी लागली, कारण तिचं वजन त्याच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

मीही त्या दुपारी गाळलं. वेस्लीला तळघरात नेऊन एका यंत्राला जुंपतात आणि त्याच्या आयुष्याची वर्षं शोषून घेतात, तो भाग मला आजही बघवत नाही. एवढ्या गमतीच्या चित्रपटात ते दृश्य एकदम थंडगार पडतं. मी "इथे त्याला थोडं दुखतं" एवढंच म्हणून पुढे सरकवलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मधलं काहीतरी खाल्लंस तू." नंतर थोड्या वेळाने, "फार वाईट होतं का?" मी हो म्हटलं. "मग बरं केलंस."

पण त्याआधी ईल येतात. त्या लांबलचक सापासारख्या माशांचा प्रसंग मला सविस्तर सांगायला हवा, कारण या चित्रपटाचं मर्म मला तिथे सापडतं. विझिनी आणि त्याचे दोन साथीदार बटरकपला पळवून बोटीतून नेत असतात. रात्रीची वेळ. ती पाण्यात उडी मारते. काळ्या पाण्यात किंकाळ्या फोडणारे ईल तिच्याभोवती घिरट्या घालायला लागतात. एक तोंड वासून सरळ तिच्यावर येतो. आणि नेमकं त्या क्षणी आजोबा वाचायचे थांबतात. नातवाला सांगतात, की ईल तिला आत्ता खात नाहीत. तू घाबरलेला दिसलास म्हणून सांगितलं. नातू म्हणतो, मी घाबरलो नव्हतो. पण त्याने पांघरूण घट्ट धरलेलं असतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा नुसता विनोद वाटला होता. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात मध्येच थांबून शेवट फोडणारा म्हातारा. तसं केलं तर थरार मरेल, असं कुणीही म्हणेल. होतं उलटंच. आजोबा पुन्हा वाचायला लागतात, ईल पुन्हा येतो, आणि आता आपण ते दृश्य डोळे उघडे ठेवून पाहतो. पाणी कसं हलतंय, तिचे हात कुठे आहेत, बोटीतून कोण वाकतंय. परीकथेने मुलांना पूर्वापार दिलेलं हे अभय आहे. 'आटपाट नगर होतं' या तीन शब्दांतच शेवट आधी सांगून टाकलेला असतो: शेवटी बरं होणार आहे, आता निर्धास्तपणे भी. ज्याला खरोखर धोका आहे त्याला भीतीची मजा घेता येत नाही. कुणीतरी आपल्यामागे हात धरून उभं आहे हे ठाऊक असलं, की मग कड्यावरून खाली वाकून बघता येतं.

अर्थात भाचीने या विचाराला लगेच भोक पाडलं. "आत्ता नाही खात म्हणजे? नंतर खातात?"

मूळ वाक्यात तो 'आत्ता' आहेच. मी तो इतकी वर्षं हसून सोडून दिला होता. तिने सोडला नाही. आजोबांनी शब्द मोजून वापरले होते: खोटं बोलले नाहीत, सगळंही सांगितलं नाही. एका वेळी एका माशापुरतं अभय.

"नंतरही नाही," मी म्हटलं. आणि मग तिचं माझ्या हाताला धरून बसणं सुटलं.

तलवारीच्या लढतीला तिने सोफ्यावर उशी पाठीशी घेऊन ताठ बसून घेतलं. हलक्याफुलक्या साहसपटांमधली याहून आनंदी लढत मला माहीत नाही. काळा बुरखा घातलेला माणूस (तो वेस्लीच, हे पुढे कळतं) कडा चढून येतोय. वर विझिनीचा एक साथीदार, इनिगो मोंतोया, त्याला मारायला थांबलाय. पण तो चढेपर्यंत याला कंटाळा येतो, म्हणून तो त्याला वर यायला मदत करतो. वर आल्यावर दमलास, जरा टेक, म्हणतो. दोघं बसतात. इनिगो आपल्या वडिलांची गोष्ट सांगतो: ते तलवारी घडवायचे, सहा बोटांच्या एका उमरावाने त्यांना मारलं, तेव्हा इनिगो अकरा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून तो त्या माणसाला शोधतोय. मग दोघं उठतात आणि एकमेकांना मारायला सज्ज होतात.

लढतात डाव्या हाताने. मध्येच इनिगो हसतो, कारण तो मुळात डावखुरा नाही. तलवार उजव्या हातात घेतो. थोड्या वेळाने बुरख्यातलाही हसतो. तोही डावखुरा नाही. भाचीने इथे टाळी वाजवली. लढता लढता दोघं उस्तादांच्या डावांची नावं घेतात, आणि ते उस्ताद कल्पनेतले नाहीत: कामिलो अग्रिप्पा यांचा तलवारबाजीवरचा ग्रंथ १५५३ चा, रिदोल्फो कापो फेर्रो यांचा १६१० चा. म्हणजे खोट्या राज्यातली दोन खोटी माणसं खऱ्या पोथ्यांवर बोलत एकमेकांवर वार करतायत, आणि दोघांपैकी एकाच्याही डोळ्यांत द्वेष नाही. आपल्याइतकं कुणीतरी भेटलं याचा नुसता हर्ष.

हा हर्ष फुकट आलेला नाही. वेस्ली झालेला कॅरी एल्वेस आणि इनिगो झालेला मँडी पॅटिंकिन या दोघांनी महिनोन्महिने सराव केला, उजव्या हाताने आणि डाव्या हातानेही. शिकवायला पीटर डायमंड आणि बॉब अँडरसन होते; अँडरसन १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेले. दुसऱ्या प्रसंगांचं चित्रीकरण चालू असतानासुद्धा मोकळा वेळ मिळाला की हे दोघं तलवारी घेऊन उभे. कोलांट्याउड्या सोडल्या तर पडद्यावर दिसणारी सगळी लढत त्या दोघांनीच केली आहे. पाहताना त्यातलं काही कळत नाही. दोन मित्र गप्पा मारत झिम्मा खेळतायत असं वाटतं.

अशा चित्रपटाला 'टाइमपास' म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. वेळ घालवायचाच असेल तर भिंतही पुरते. भाचीने त्या दुपारी तेच केलं होतं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. परीकथा म्हणजे पळवाट, या आक्षेपाला त्यांनी तिथे उत्तर दिलं होतं: कैदेतल्या माणसाने तुरुंगाच्या भिंती आणि पहारेकरी सोडून बाहेरच्या जगाचा विचार केला, तर त्याला दोष का द्यायचा? मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही.

दोषही आहेत, आणि ते तिने माझ्याआधी पकडले. "ही स्वतः काहीच का करत नाही?" बटरकपबद्दल. पाण्यात उडी मारते, बुरख्यातल्या माणसाला टेकडीवरून ढकलून देते, आणि तिथून पुढे बहुतेक वेळ वाट पाहते. आगीच्या दलदलीत भलामोठा उंदीर वेस्लीवर तुटून पडतो तेव्हा ती फांदी घेऊन उभी राहते खरी, पण वार करायचा की नाही याचा तिला निर्णय होत नाही. रॉबिन राइट इतकी समर्थ नटी आहे की तिच्या गप्प राहण्यातही ठामपणा दिसतो. तरी लिहिणाऱ्याने तिला हात आखडून दिलंय हे खरंच आहे. "मी असते तर उंदराच्या डोळ्यात काठी घातली असती," भाची म्हणाली. घातलीच असती.

त्या दलदलीची एक हकिकत मी तिला सांगितली. तिथे जमिनीतून मध्येच ज्वाळा उसळतात आणि बटरकपच्या झग्याला आग लागते. चित्रीकरणाला गोल्डमन हजर होते. झगा पेटलेला पाहून ते ओरडले, की अरे, तिच्या कपड्यांना आग लागली! टेक वाया गेला.

"पण त्यांनीच लिहिलं होतं ना ते?"

"त्यांनीच. पुस्तकात आधी, पटकथेत मग."

ती बराच वेळ हसत होती. मला मात्र त्या माणसाबद्दल माया दाटून येते. चौदा वर्षं ही गोष्ट त्याने सांभाळलेली. चित्रपट होणार होणार म्हणता अनेकदा बारगळला. एकदा तर हक्क त्याने पदरचे पैसे घालून परत विकत घेतले. अखेर दिग्दर्शक रॉब रायनर यांनी तो केला. त्यांना हे पुस्तक त्यांच्या वडिलांनी वाचायला दिलं होतं. इथेही बाप, इथेही पुस्तक. आणि प्रत्यक्ष चित्रीकरण सुरू झालं तेव्हा लिहिणाऱ्यालाच, सगळं ठाऊक असूनही, ती मुलगी जळेल अशी भीती वाटली.

चित्रपटगृहांत तो बरा चालला, फार नाही. हा नेमका कुणासाठी आहे, मुलांचा की मोठ्यांचा, प्रेमाचा की विनोदाचा, हे जाहिरात करणाऱ्यांना सांगताच येईना. तो पोचला नंतर, कॅसेटवर, घरातून घरात, एकाने दुसऱ्याच्या हातात देत. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याला जागा मिळाली. मलाही तो असाच हातातून मिळाला. "बघ, बरं वाटेल," एवढंच सांगून एका मैत्रिणीने दिला होता. तेव्हा मला ताप नव्हता, काही मोडलंही नव्हतं. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

उत्तरार्धातली दुसरी लढत पहिलीसारखी नाही. इनिगोला सहा बोटांचा माणूस सापडतो. तो पळतो, लपून खंजीर फेकतो, इनिगो भिंतीला टेकून खाली घसरतो. संपलं असं वाटतं. मग तो उठतो. वीस वर्षं घोकलेलं वाक्य, स्वतःचं नाव, वडिलांचा खून आणि समोरच्याचं मरण यांचं, आधी पुटपुटतो, मग म्हणतो, मग गर्जतो. प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे. मी भाषांतर थांबवलं. गरज नव्हती.

पॅटिंकिनचे वडील १९७२ साली कर्करोगाने गेले. ती लढत खेळताना समोर तो सहा बोटांचा उमराव नव्हता, वडिलांना नेणारा कर्करोग होता, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय. मी ते भाचीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, याचा अजून विचार करते. माझे स्वतःचे बाबा गेल्यानंतर हा चित्रपट पुन्हा लावला तेव्हा मला हसायचं होतं, आणि मी हसलेही, आणि या प्रसंगाला पडदा धूसर झाला. ज्याने हसवलं त्यानेच रडवलं म्हणून फसवल्यासारखं वाटलं नाही. इतका वेळ हा माणूस खांद्यावर एवढं घेऊन विनोद करत होता, हे तेव्हा कळलं, आणि सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

सूड घेऊन झाल्यावर इनिगो खिडकीपाशी बसून म्हणतो, की आता उरलेल्या आयुष्याचं करू काय. इतकी वर्षं याच धंद्यात गेली. भाचीने त्याच्याआधी दोन क्षण हाच प्रश्न विचारला होता: "आता हा काय करणार?" वेस्ली त्याला समुद्री चाचा होण्याचं सुचवतो. तिला ते पसंत पडलं.

दुष्ट राजपुत्र हम्परडिंकला मात्र कुणी मारत नाही. त्याला नुसतं खुर्चीला बांधून सोडून देतात. आजोबांच्या नातवाला हा अन्याय मुळीच सहन होत नाही आणि तो चिडून विचारतो, मग हे मला वाचून कशाला दाखवलंत? भाचीही चिडली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला रोज आठवेल की हा आडवा पडलेला होता, धड उठताही येत नव्हतं, तरी आपण घाबरलो." पलंगावर पडलेला, अंगात त्राण नसलेला वेस्ली कसाबसा उभा राहून निव्वळ बोलण्याने हम्परडिंकच्या हातातली तलवार खाली टाकायला लावतो, तो प्रसंग तिने तीनदा मागे नेऊन पाहिला होता. का ते मी विचारलं नाही.

आणि मग खिडकी. खाली अंगणात फेझिक, विझिनीचा दुसरा साथीदार, तो राक्षसाएवढा माणूस, चार पांढरे घोडे घेऊन उभा आहे. बटरकप खिडकीतून उडी घेते, झगा फुलतो, ती सावकाश, पिसासारखी खाली येते आणि फेझिक तिला दोन हातांवर अलगद झेलतो. किती सहज. त्या हातांना वजन लागलंच नाही.

फेझिकचं काम आंद्रे द जायंट यांनी केलं. मूळचे फ्रान्सचे, कुस्तीच्या आखाड्यात गाजलेले, सात फुटांहून उंच म्हणून ख्याती. शरीर थांबायचं विसरून वाढत राहतं अशा आजाराने त्यांना ती उंची दिली आणि त्याच आजाराने आयुष्य आखूड केलं. १९९३ मध्ये गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. चित्रपटात फेझिक तीन माणसांना अंगावर बांधून दोरीने कडा चढतो. तो कडा आयर्लंडमधला मोहरचा, सर्वांत उंच जागी समुद्रापासून दोनशे मीटरच्या वर. प्रत्यक्षात चित्रीकरणाच्या वेळी आंद्रेंची पाठ पार गेलेली होती, शस्त्रक्रिया झालेली होती. एल्वेस त्यांच्या पाठीवर लटकून लढतो तेव्हा चौकटीबाहेर त्याच्या पायांखाली आधार होता. आणि खिडकीतून येणारी रॉबिन राइट तारांवर होती, कारण तिचं वजन हातांवर घेणं आंद्रेंना शक्य नव्हतं. सेटवर थंडी वाजायची तेव्हा ते आपला एक पंजा तिच्या डोक्यावर ठेवायचे. तेवढ्याने तिला ऊब मिळायची, असं तिने सांगितलंय.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, कारण तिने विचारलं होतं, की एवढा मोठा माणूस खरंच असतो का. ऐकून ती गप्प झाली. प्लास्टरवरच्या मांजराची शेपूट नखाने खरवडत राहिली.

"म्हणजे त्याची पाठ दुखत होती."

"खूप."

"आणि चेहऱ्यावर दाखवलं नाही त्याने."

"नाही."

"मघाशी तू पण दाखवलं नाहीस."

मला उत्तर सुचलं नाही. पडद्यावर आजोबा पुस्तक मिटून उठत होते; नातू त्यांना उद्याही येऊन हेच वाचाल का, असं विचारत होता. आजोबा दारात वळून ते तीन शब्द म्हणतात. मी ते मराठीत म्हणायच्या तयारीत होते. पण भाचीने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला होता आणि ती खिडकीच्या प्रसंगापर्यंत मागे चालली होती.

तिने तो एकेक चित्र थांबवत पाहिला. बटरकप खिडकीत. बटरकप हवेत. झगा फुललेला. फेझिकचे हात. पडद्याच्या अगदी जवळ नेण्यासाठी तिने मला सोफा पुढे ढकलायला लावला, आणि नाक पुढे काढून वरचा कोपरा, झग्याच्या कडा, मागची भिंत, सगळं बारकाईने तपासलं. मग पुन्हा मागे नेलं. पुन्हा.

"कुठे आहेत गं तारा?" ती म्हणाली. "दिसतच नाहीत."